जबड्याच्या सांध्यामागची धमनी उघडताना : माझा अनुभव

डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे शरीररचना शिकण्यासाठी देह उघडतात त्या दालनात, जबड्याच्या सांध्याची बाजू उघडायला घेतली की मी वही, पट्टी आणि रंगीत दोरे हाताशी ठेवूनच पहिला छेद घेते. इथली मॅक्सिलरी धमनी, म्हणजे जबड्यामागून चेहऱ्याच्या खोल भागाला रक्त पुरवणारी धमनी, प्रत्येक देहात एकाच वाटेने जात नाही. लॅटरल टेरिगॉईड या जबडा पुढे ओढणाऱ्या स्नायूचं खालचं डोकं (त्याच्या दोन भागांपैकी खालचा) जागेवर असतानाच तिची वाट दिसते. स्नायू सुटला की ती बाहेरून गेली होती की आतून, हे कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यामुळे पुढची सगळी कापाकापी मी त्या एका नोंदीच्या बेताने करते.

त्वचा कानापुढून उभी कापून गालाकडे उलटते. कानापुढे सुपरफिशियल टेम्पोरल धमनी सापडते, तिला दोरा बांधून तिच्या आधारानेच खाली पॅरोटिड या कानापुढच्या लाळग्रंथीत उतरते. ग्रंथी एका झटक्यात काढायची नाही, चिमट्याने कण कण वेचायची. वरच्या थरात फेशियल नर्व्ह (चेहऱ्याचा मज्जातंतू), तिच्या आत रेट्रोमँडिब्युलर शीर आणि सगळ्यांत खोल एक्स्टर्नल कॅरॉटिड (गळ्यातून वर येणारी मोठी) धमनी, असा क्रम मिळतो. जबड्याच्या मानेमागे, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या गोल टोकाच्या (कॉन्डाइलच्या) खालच्या अरुंद भागामागे, कॅरॉटिडचे दोन फाटे होतात : वर जाणारा सुपरफिशियल टेम्पोरल आणि मानेआड वळणारा जाड फाटा, तो मॅक्सिलरी. या दुसऱ्या फाट्याला मी लगेच लाल दोरा बांधते. पुढे गोंधळ झालाच, तर या दोऱ्यापासून पुन्हा सुरुवात करता येते.

मग झायगोमॅटिक कमान, म्हणजे गालाच्या हाडापासून कानाकडे जाणारी हाडाची कमान. मागचा काप सांध्याच्या उंचवट्याच्या जरा पुढे घ्यावा. तो मागे सरकला तर सांध्याचं आवरण उघडतं आणि पुढचं माप चुकतं. पुढचा काप गालाच्या हाडातून तिरपा. कमान मॅसेटर या चावण्याच्या स्नायूसकट खाली उलटताना जबड्याच्या खाचेतून (मागचं कॉन्डाइल आणि पुढचं कोरोनॉइड टोक यांमधल्या) एक बारीक धमनी आणि मज्जातंतू स्नायूत शिरताना दिसतात. घाईत ही जोडी तुटते, आणि तुटली की मॅसेटरिक धमनी कुठून आली हा प्रश्न तसाच राहतो. तोडण्याआधी खाचेच्या तळापासून आणि कॉन्डाइलच्या मानेपासून तिचं अंतर पट्टीने मोजून लिहावं. खाचेच्या तळाला ती अगदी खेटून, जेमतेम काही मिलिमीटरवर असते. सांध्याच्या शस्त्रक्रियेत खाचेशी हत्यार घसरलं तर पहिलं रक्त बहुधा हिचंच.

कोरोनॉइड टोक खाचेपासून तिरपं कापून टेम्पोरॅलिस या कानशिलावरच्या स्नायूसह वर उलटायचं. त्याच्या कंडऱ्याला गालाकडे जाणारा बक्कल मज्जातंतू चिकटलेला असतो, कधी तो कंडऱ्यातूनच येतो. त्याला आधी मोकळं करावं.

आता रेमस, म्हणजे जबड्याचा उभा भाग. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यावर होतं. स्कॅल्पेलची बोथट मूठ हाडाच्या आतल्या अंगाने खाली सरकवायची. ती अडते तिथे खालच्या दातांकडे जाणारे इन्फिरिअर अल्व्हिओलर मज्जातंतू आणि धमनी हाडात शिरतात. खालचा काप त्या जागेच्या वर, वरचा काप कॉन्डाइलच्या मानेवर. करवत हाडाच्या दोन-तृतीयांश जाडीपर्यंतच चालवावी आणि उरलेलं छिन्नीने हलकेच फोडावं. करवत आरपार गेली तर बाहेरून जाणारी मॅक्सिलरी धमनी थेट पात्याखाली सापडते, कारण त्या प्रकारात ती हाडाला लागूनच असते. म्हणजे जी वाट सहज दिसायला हवी तीच आपल्या हातून नष्ट होते.

हाड काढल्यावर आधी दिसतं ते काळ्या गोठलेल्या रक्ताने भरलेलं टेरिगॉईड शिरांचं जाळं. या शिरा पातळ, चपट्या, चिमट्याने ओढताच फाटणाऱ्या. धमनी जाड भिंतीची, नागमोडी, बोटाला रबरासारखी लागते. जाळं ओलं ठेवून, धमनीच्या लांबीच्या दिशेनेच ओढत काढावं. आडवं ओढलं की बारीक फांद्या मुळातून उपटतात. कॅरॉटिडमध्ये आधी लाल लॅटेक्स (रंगीत रबरी द्रव) भरलेलं असेल तर हे काम निम्म्याने सोपं होतं.

आणि मग नोंद. धमनी खालच्या डोक्याची खालची कड ओलांडून त्याच्या बाहेरच्या पृष्ठावरून तिरपी वर गेली, तर वरवरचा प्रकार. खालच्या कडेशीच आत बुडाली, तर खोल प्रकार. यात एक फसवी जागा आहे : खोल धमनी पुढे जाताना स्नायूच्या दोन डोक्यांमधल्या फटीतून वळसा घेऊन बाहेर डोकावते. फक्त तो वळसा पाहून ‘वरवरची’ असं लिहिलेलं मी अनेक वह्यांत वाचलं आहे. उलटही होतं, बक्कल धमनी या फांदीलाच मुख्य खोड समजलं जातं. दोन्ही चुकांवर उपाय एकच, लाल दोऱ्यापासून फटीपर्यंत बोट सलग फिरवायचं.

आकडा पाठ करून टेबलाशी येऊ नये. जपानमध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ बुंतारो आदाची यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या नोंदींत वरवरची वाट नव्वद टक्क्यांहून अधिक होती. युरोपीय वंशाच्या देहांवरच्या अभ्यासांत खोल वाट त्याहून बरीच जास्त वेळा आढळते. एकाच देहात उजवी बाजू एक आणि डावी दुसरी असंही निघतं, म्हणून माझ्या वहीत प्रत्येक देहाला दोन ओळी असतात.

खोल प्रकारात काम तिथे संपत नाही. धमनी लिंग्वल (जिभेच्या) आणि इन्फिरिअर अल्व्हिओलर मज्जातंतूंच्या बाहेरून गेली, आतून गेली की दोघांच्या मधून, हेही लिहायचं. क्वचित इन्फिरिअर अल्व्हिओलर मज्जातंतूच दोन भागांत फाटून धमनीभोवती कडं करतो. हे कडं चरबी समजून कापलं जाऊ नये म्हणून लॅटरल टेरिगॉईड मी एका घावात सोडवत नाही. कॉन्डाइलची मान आणि सांध्याच्या चकतीपासून सुरू करून तंतूंच्या जुड्या एकेक करून उचलते.

स्नायू निघाला की मेंदूच्या आवरणाकडे जाणारी मिडल मेनिंजिअल धमनी पाहते. ऑरिक्युलोटेम्पोरल या कान-कानशिलाकडे जाणाऱ्या मज्जातंतूची दोन मुळं तिला मिठी मारल्यासारखी असतात, त्यामुळे मुळं सापडली की धमनी सापडते. सापडलीच नाही, तर कवटीच्या तळाशी फोरामेन स्पिनोसम, म्हणजे ही धमनी कवटीत शिरते ते छिद्र, तपासावं. ते बारीक किंवा गायब असेल तर ही धमनी डोळ्याच्या धमनीतून आलेली असू शकते. ॲक्सेसरी मेनिंजिअल ही जोडधमनी कधी मॅक्सिलरीतून निघते, कधी मिडल मेनिंजिअलमधून. चकतीमागच्या मऊ भागात शिरांचं दाट जाळं असतं. तिथल्या डीप ऑरिक्युलर आणि अँटिरिअर टिंपॅनिक या धमन्या केसासारख्या बारीक. त्या भिंगाशिवाय शोधू नयेत.

सांधा जखडलेल्या रुग्णात हाडाचा गोळा आतल्या बाजूला फुगतो आणि मॅक्सिलरी धमनी त्याला चिकटते. गोळ्याच्या आतल्या कडेशी हत्यार जातं तेव्हा ती नेमकी कुठे आहे, हे शस्त्रक्रियेआधी सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) पाहून ठेवावं. ती फाटली तर फक्त एक्स्टर्नल कॅरॉटिड बांधून रक्त थांबेलच असं नाही, कारण दुसऱ्या बाजूच्या धमन्यांशी जोड असतात. कॉन्डाइल मोडलेल्या रुग्णातही तुटलेलं टोक लॅटरल टेरिगॉईडच्या ओढीने पुढे-आत सरकतं, म्हणजे धमनीच्याच अंगावर जातं.

कापलेली कमान, कोरोनॉइड, रेमसचा तुकडा, काढलेला स्नायू हे सगळं मी फेकत नाही. ओल्या मलमलीत बांधून त्यावर देहाचा क्रमांक आणि बाजू लिहून त्याच टेबलाखाली ठेवते. देहदान केलेल्या माणसाचं जे जे निघालं, ते शेवटी त्याच्याबरोबरच जातं.