चैत्रांगणातली एस्टी

धाकटा उंबऱ्यातूनच ओरडला, "आजी, गौर कुठंय?"

३ मे २०२५, शनिवार, दुपारचा दीड. खंबाटकी घाटात एकदा ओकून झाल्यामुळे तोंड पन्ह्यासारखं फिकट पिवळं. पाठीवरची पिशवी उतरवलेली नाही, चपला तशाच, आणि हा थेट देवघरापुढे जाऊन उभा. पितळी झोपाळा होता, पण रिकामा. अन्नपूर्णा परत देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी, जशी वर्षभर असते तशी.

"गेली सासरी. बुधवारीच गेली," ही खुर्चीतून म्हणाली.

"आम्ही यायच्या आधीच?"

हे त्याने माझ्याकडे बघून विचारलं. गाडीची वेळ मीच ठरवली होती म्हणे!

ज्यांच्याकडे नसते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा घासूनपुसून झोपाळ्यात बसवायची, महिनाभर तिला झोके द्यायचे, आंबेडाळ आणि पन्ह्याचा नैवेद्य, एका संध्याकाळी हळदीकुंकू, आल्या-गेल्या बायकांची भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी. अक्षय तृतीयेला ती परत सासरी. आणि त्या महिन्यात तिच्यापुढे काढायची रांगोळी म्हणजे चैत्रांगण. हिच्या माहेरचं चैत्रांगण एक्कावन्न चिन्हांचं. वर आंब्याच्या पानांचं तोरण, खाली मखर, मखरात झोपाळा, झोपाळ्यावर गौर आणि तिची सखी. मग सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, कासव, नाग, गरुड, हत्ती, तुळशीवृंदावन, फणी, करंडा, आरसा... पुढची यादी मला अजून पाठ नाही. हिला झोपेत उठवून विचारा.

साताऱ्यातल्या या घरात बेचाळीस वर्षं हे सगळं होत आलं आणि मी त्यातलं एकच काम करत आलो, कैऱ्या किसण्याचं. नोकरी पाटबंधाऱ्यात, ड्राफ्ट्समन. कण्हेरच्या कालव्यांचे छेद काढले, टी-स्क्वेअरवर वाकून मान कामातून घालवली, ट्रेसिंगवर शाईचा डाग पडला तर ब्लेडने खरवडायला शिकलो. पण रांगोळीची चिमूट कधी उचलली नाही. ते बायकांचं, असं कुणी सांगितलं नव्हतं. मीच समजून बसलो होतो. सोयीचं होतं.

२०२३ च्या दिवाळीनंतर हिच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या. चालते छान, जिनाही चढते, पण मांडी घालून जमिनीवर बसायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. त्यामुळे २०२४ च्या चैत्रात गौर बसली, पण चैत्रांगण निघेना. शेजारणीला सांगू म्हटलं तर हिचं उत्तर, "तिचं कासव बेडकासारखं असतं."

त्या वर्षी अक्षय तृतीया होती १० मेची. मुलं ४ तारखेला आली, म्हणजे गौर असताना आली. हिने खुर्ची देवघराच्या दारात ओढली आणि फर्मान काढलं: आबा आणि नातवंडं काढतील, मी सांगेन.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. तीन बाय चारचा प्लायवूड, त्यावर गेरूचे दोन हात. वाळल्यावर खडूने चौकटी आखल्या, मध्यरेषा काढली, मखराचे कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात आहेत की नाही ते तपासलं. थोरली तेव्हा दहा वर्षांची. ती शेजारी उभी राहून दहा मिनिटं शांतपणे बघत होती.

"आबा, रांगोळी कधी काढायची?"

"आखणी नीट झाली की."

खुर्चीतून आवाज आला, "त्यांना म्हणावं, कासवाला टेंडर काढायचंय का?"

मग मी बसलो चिमूट घेऊन. खोटं कशाला सांगू, आयुष्यात इतकी वाईट रेघ मी काढलेली नाही. पॉइंट तीन मिलिमीटरचं पेन घेतलं की रेघ पॉइंट तीनचीच येते, ती जबाबदारी पेनाची. इथे पेनच नाही. मध्येच रांगोळीचा ढीग, मध्येच गेरू उघडा. ही बघत राहिली, मग थोरलीला जवळ बोलावून स्वतःच्या तळहातावर रांगोळी घेऊन दाखवायला लागली. चिमूट आवळायची नाही. पावडर तर्जनीवर पडू द्यायची आणि अंगठ्याने नुसती पुढे ढकलायची, जपमाळेचा मणी सरकवतात तसं. बोटं पाटाला टेकवायची नाहीत, दोन बोटं वर. आणि हात चालतो तो मनगटातून नाही, खांद्यातून. रांगोळी आधी पिठाच्या चाळणीतून चाळून घ्यायची, हल्ली पुडीत खडे फार येतात.

थोरलीची पहिली रेघ माझ्यापेक्षा बरी आली. तिसऱ्या दिवशी ती शंख एका दमात काढत होती, हात न उचलता. मी तोरणाची पानं आणि चौकटी सांभाळल्या. सरळ रेघ शेवटी मला जमली, पण एखाद्या कारकुनाला कविता जमावी तितपतच.

धाकट्याला सहा वर्षांचा असल्यामुळे रांगोळीजवळ फिरकायला मनाई होती. त्याला हिने कापसाची वस्त्रं करायला बसवलं. सरकी काढलेला कापूस हलक्या हाताने लांब ओढायचा, पट्टी करायची, बोटाला थोडं पाणी लावून दर बोटभर अंतरावर पीळ द्यायचा, मग पिळांवर ओल्या कुंकवाचे ठिपके. हे त्याला अफाट आवडलं. एका दुपारी त्याने चौदा केली. एक गौरीला, एक बाळकृष्णाला, एक दूरदर्शन संचाला, एक माझ्या चष्म्याच्या घराला. टीव्हीवरचं काढून टाका म्हटल्यावर ही म्हणाली, "असू दे, दिवसभर त्याचीच तर पूजा करता तुम्ही."

थोरली प्रश्न विचारणारी आहे. हरभरे निवडता निवडता तिने एकदा सरळच विचारलं, "आजी, गौर खरंच येते का?"

हिने मान वर केली नाही. "आली नसती तर दीड किलो हरभरे कुणासाठी भिजवले असते मी?"

उत्तर तर्कात बसत नाही हे थोरलीला कळलं असणार, पण तिने ते मान्य करून टाकलं. मी गेली बेचाळीस वर्षं तेच करतोय. माझं देवाशी फारसं येणं-जाणं नाही. सकाळी आंघोळ झाली की नमस्कार, तोही घाईत. पण त्या आठवड्यात रोज संध्याकाळी चैत्रांगणातलं वाऱ्याने विस्कटलेलं एखादं पान नीट करायला मी न सांगता बसत होतो, हे नोंदवून ठेवतो.

तर यंदा. मुलांच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या, निकाल १ मेला, आणि तृतीया आली ३० एप्रिलला. जमण्यासारखं काही नव्हतंच. पण हे आठ वर्षांच्या... नाही, सातच, त्याचा वाढदिवस ऑगस्टात. तर हे सात वर्षांच्या मुलाला सांगायचं कसं? जेवण झाल्यावर मी खिळ्यावरची जुनी कालनिर्णयं उतरवली. मी ती टाकत नाही. मागच्या बाजूला दुधाचे हिशेब आहेत.

२०२३, तृतीया २२ एप्रिल. २०२४, १० मे. २०२५, ३० एप्रिल. थोरलीने वहीत लिहून घेतलं.

"मागे मागे सरकतेय. मग मध्येच पुढे कशी उडी मारली?"

मला असा प्रश्न कुणी विचारला की निवृत्ती रद्द झाल्यासारखं वाटतं. सांगितलं तिला: चंद्राची बारा महिन्यांची फेरी ३५४ दिवसांची, सूर्याची ३६५ ची. दरवर्षी अकरा दिवसांची तूट. कालव्याच्या तळाला जसा उतार देत देत नेतात तशी तिथी तारखांवरून मागे घसरत जाते. तूट महिन्याएवढी झाली की पंचांगात एक महिना जादा घालतात, तो अधिक. २०२३ ला अधिक श्रावण होता, म्हणून २०२४ ची तृतीया एकदम मेमध्ये जाऊन पडली. पुढच्या वर्षी ती १९ एप्रिलला, यंदापेक्षाही लवकर. मग १७ मेपासून अधिक ज्येष्ठ, आणि २०२७ मध्ये तृतीया पुन्हा मेच्या दुसऱ्या आठवड्यात.

थोरलीने पेन्सिल ठेवली. "म्हणजे गौर आम्हाला तीन वर्षांतून एकदाच भेटणार."

हिशेब बरोबर होता. मी काहीच बोललो नाही.

धाकट्याने उपाय काढला. गौरीला परत बोलवा. फोन करा. आजी फोन करून आईला बोलावते तसा.

"माहेरवाशिणीला असं अर्ध्या वाटेवरून परत बोलवत नाहीत," ही म्हणाली. या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही. पण थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "चैत्रांगण काढा हवं तर. झोपाळा रिकामा ठेवा."

आता वैशाखात चैत्रांगण काढायचं की नाही, यावर आमच्या आळीत तीन मतं निघतील. आमच्या घरात एक निघालं.

कपाटामागचा प्लायवूड बाहेर आला, गेरूचा नवा हात बसला, पाट व्हरांड्यात भिंतीला टेकवायच्या ऐवजी दोन चौरंगांवर आडवा ठेवला. थोरली यंदा माझ्याकडे बघतही नव्हती, सरळ काढत सुटली. मखर, रिकामा झोपाळा, सूर्य, चंद्र. आंबेडाळ हिने पुन्हा केली, नैवेद्याची म्हणून नाही, नुसती. कैऱ्या मी किसल्या.

धाकट्याला यंदा बढती मिळून पाटाचा उजवा खालचा कोपरा मिळाला होता, तिथे गोपद्मं काढायची. चिमटीतून त्याला ते जमेना. दोनदा विस्कटलं, तिसऱ्यांदा शिंकला. मग तो उठून गेला, आपल्या पिशवीतून तेलखडूंची पेटी घेऊन आला आणि तासभर पाठमोरा बसून राहिला. कुणी बघायचं नाही अशी अट.

बघितलं तेव्हा तिथे लाल एस्टी उभी होती. चार खिडक्या, वर टप, चाकं सहा. मागच्या खिडकीत मुकुट घातलेलं एक तोंड, त्याला डोळे आणि भलीमोठी नथ. समोर काळा अर्धगोल.

"ही गौर. आणि हा बोगदा. जाताना बोगदा लागतो, येताना घाट. म्हणून तिला उलटी होत नाही."

खंबाटकीचं त्याचं निरीक्षण अचूक आहे. यंदाच्या मेपर्यंत तरी साताऱ्याकडे येताना घाट चढावा लागत होता, पुण्याकडे जाणारी वाहनं बोगद्यातून जात होती.

"आणि कंडक्टर म्हणाला, बायकांना अर्धं तिकीट."

हेही बरोबर. मार्च २०२३ पासून एस्टीत बायकांना निम्मं भाडं आहे. आमची लेक अर्ध्यात आणि ही दोघं लहान म्हणून अर्ध्यात, तीन माणसं दीड तिकिटात येतात. धाकट्याला हा व्यवहार फार थोर वाटतो.

मी हिच्याकडे बघितलं. चैत्रांगणातल्या चिन्हांवर कुणी हात टाकलेला तिला खपत नाही. एका वर्षी सुनेने मोबाइलवर बघून मोराची मान वळवली होती, तर दोन दिवस घरात धुसफुस. ही काठी टेकत उठली, पाटापाशी आली, कमरेत जेवढं वाकता येतं तेवढी वाकली. बराच वेळ बघत होती.

"पाटी कुठंय गाडीला? गाडी कुठली ते लोकांना कळायला नको?"

त्याने लगेच लिहिलं. सातारा - कैलास. जागा पुरेना म्हणून 'स' खालच्या ओळीत गेला. हिने करंड्यातून हळदकुंकू घेतलं आणि सूर्याला, तुळशीला आणि गाडीच्या बॉनेटला लावलं, दसऱ्याला लावतात तसं.

मुलं १८ तारखेला परत गेली, बोगद्यातून. पाट व्हरांड्यातच होता, पुसायला कुणालाच उरक होत नव्हता. भांडीवाली मावशी त्याच्या कडेकडेने झाडू मारायची. यंदा मेमध्येच पावसाने काय धुमाकूळ घातला ते सगळ्यांना माहीत आहे. नंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी तिरपी झड आली आणि आम्ही आतून खिडक्या लावेपर्यंत व्हरांडा धुऊन निघाला.

सकाळी बघितलं. तोरण गेलं, मखर गेलं, थोरलीचा शंख गेला, कासवाच्या जागी पांढरं डबकं. गेरूही निम्मा वाहून पायरीवर आला होता. एस्टी मात्र जशीच्या तशी. तेलखडूला पाणी काय करणार? गौर खिडकीतच, नथीसकट.

पाट वाळवून कपाटामागे ठेवताना मी हिला म्हटलं की पुढच्या वर्षी अडचण आहे, त्या खडूवर गेरू धरायचा नाही. घासून काढावं लागेल, माझ्याकडे जुनं ब्लेड आहे.

"ब्लेडला हात लावाल तर बघा," ही आतून म्हणाली. "बाकीचं तिच्या भोवतीनं काढू."