बोका ग्रँड: सोडलेली मुशी वाचते का?

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याने सारासोटाहून दक्षिणेला निघालं, की व्हेनिस, एंगलवुड करत प्लासिडा लागतं. गाव आपलं म्हणायला. पण शार्कच्या अभ्यासकांसाठी हे मूळपीठच. १९५५ साली युजिनी क्लार्क बाईंनी इथल्या एका खोपटात प्रयोगशाळा थाटली. सारासोटाची आजची मोट मरीन लॅबोरेटरी ती हीच.

प्लासिडाच्या पुढे टोल भरून पूल ओलांडला की गॅस्परिला बेट. त्याच्या दक्षिण टोकाला १८९० चं दीपगृह आहे, आणि त्याच्यासमोर खोल, ओढाळ पाण्याची खाडीमुखाची वाट: बोका ग्रँड पास. एप्रिल ते जुलै इथे टार्पन मासे जमतात, टार्पनमागे ग्रेट हॅमरहेड, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याची मुशी (शार्क). मे २००६ मध्ये इथेच १,२८० पौंडांची, म्हणजे ५८० किलोंची मादी धरली गेली. जागतिक विक्रम! मोटमध्ये तिची चिरफाड केली तेव्हा पोटात ५५ पिल्लं निघाली. वजनाचा विक्रम हवा तर जनावर काट्यावर चढवायला हवं, आणि त्या आकाराची मुशी काट्यावर जिवंत चढत नाही. ‘धरा पण सोडा’वरचा, म्हणजे गरवलेली मुशी जिवंत परत सोडायच्या रीतीवरचा, वाद इथे एवढा तापतो, त्याला ही मादीही कारणीभूत आहे.

आपल्याकडे मोरी, म्हणजे लहान मुशी, बाजारात येते ती मटणासारखी रस्स्यात जायला. इथे रात्रभर जागून ती धरायची ती सोडण्यासाठी, हे कोकणातल्या माणसाला पटवून सांगणं कठीणच.

संध्याकाळी वाळूत जी मांडणी दिसते ती आपल्या गरवण्याच्या (गळाने मासे धरण्याच्या) कितीतरी पट दांडगी. ८० नंबरचं रुंद रीळ, त्यावर शंभर पौंडांच्या वर ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, तिच्या पुढे शंभरेक मीटर जाड मोनो, म्हणजे एकसंध नायलॉनची दोरी. शेवटी लीडर, म्हणजे गरीआधीचा (गळाच्या आकड्याआधीचा) दणकट तुकडा: गरीलगत दीड मीटर स्टीलची केबल, तिच्यामागे पाच-सहा मीटर ७००-८०० पौंडी मोनो. केबल दातांसाठी, मोनो कातडीसाठी. मुशीची कातडी म्हणजे पॉलिश पेपर. शेपटीचा एक फटकारा मुख्य दोरीवर बसला की दोरी गेली, आणि मुशी तोंडात गरी नि मागे लांबलचक फरपट घेऊन गेली. असा तुटका सरंजाम ओढत फिरणारी मुशी म्हणजे ‘सोडलेली’ नव्हे.

आमिषाला बोनिटो नाहीतर पाकटाचा तुकडा. ते फेकता येत नाही, कयाकमधून दोन-तीनशे मीटर आत नेऊन टाकतात. शिसं तारेच्या पायांचं, वाळूत रुतून बसणारं.

गरी १६/० ते २०/० ची गोल, सर्कल हुक. नैसर्गिक आमिष लावलं असेल तर फ्लोरिडात शार्कसाठी हीच सक्तीची; टोक एका बाजूला वाकवलेलं चालत नाही आणि स्टेनलेसही चालत नाही. वाकवलेलं टोक घशात नाहीतर आतड्यात रुतायचा धोका वाढतो. आणि साधं पोलाद तोंडात राहिलंच तर कालांतराने गंजून झडतं. ओढ लागली की सवयीने झटका देणारे इथेच चुकतात. झटका द्यायचा नाही, नुसतं रीळ गुंडाळून दोरी ताणायची. गरी आपोआप सरकत जबड्याच्या कोपऱ्यात बसते.

१ जुलै २०१९ पासून किनाऱ्यावरून शार्क गरवायला वेगळा परवाना लागतो. फुकट आहे, पण आधी ऑनलाइन धडा पुरा करावा लागतो, आणि दरवर्षी नव्याने काढावा लागतो. ‘मी शार्कसाठी आलोच नाही’ ही पळवाटही बुजवली आहे: चार फुटांहून लांब धातूचा लीडर किंवा काठीचा बुंधा टेकवायचा कमरेचा पट्टा, फायटिंग बेल्ट, वापरला तरी परवाना हवाच. किनाऱ्यावरून पाण्यात सुटा चारा टाकून मुशी बोलावायला बंदी. हॅमरहेड, टायगर, लेमन या संरक्षित जातींचे कल्ले पाण्याबाहेर काढायचे नाहीत, आणि सोडायला उशीर करायचा नाही.

नियम कागदी वाटतो, पण त्यामागे शरीरशास्त्र आहे. मुशीला बरगड्यांचा पिंजरा नसतो. वाळूवर ओढली की स्वतःच्याच वजनाखाली आतले अवयव दबतात. हॅमरहेडची गोष्ट आणखी बिकट. तिला श्वासासाठी पोहत राहावं लागतं, आणि झुंजीत ती जीव तोडून लढते. रक्तात लॅक्टिक आम्ल साचतं, मग सोडल्यावर पोहत जाताना दिसली तरी पुढे कुठेतरी तळाशी बसते. मायामीच्या संशोधकांनी सॅटेलाइट टॅग लावून पाहिलं, तेव्हा टायगर जवळजवळ सगळ्या तगल्या, ग्रेट हॅमरहेड चार आठवड्यांनी निम्म्याच्या आसपास. २०१९ पासून ग्रेट हॅमरहेड ही जात आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे: हलक्या दोरीची ‘खिलाडू’ झुंज हीच सगळ्यात क्रूर. दोन तास दमवून सोडण्यापेक्षा जाड दोरी, घट्ट ड्रॅग (रीळाचा ब्रेक) आणि शक्य तितक्या लवकर काठ. गरवणारे सांगतात की १९६२ पासून चालू असलेल्या, नोआ या अमेरिकी सरकारी सागरी संस्थेच्या, शार्कना खूणपट्टी लावायच्या टॅगिंग कार्यक्रमाला बरीच माहिती हौशी लोकांनीच पुरवली आहे. खरंच आहे ते. पण टॅगची पट्टी हॅमरहेडला झुंजीतून वाचवत नाही.

मध्यरात्रीनंतर एका रीळाची करकर सुरू झाली. पाव तासात गुडघाभर पाण्यात पिवळट पाठ, जवळजवळ सारख्या उंचीचे दोन पर: लेमन. एकाने शेपटीजवळ धरलं, दुसरा बोल्ट कटर घेऊन वाकला. गरी जबड्याच्या कोपऱ्यात होती, पण तिचा उलटा काटा पार आत. उपटत बसण्यात अर्थ नव्हता. त्याने गरीचा दांडाच कापला. तोंड खोल पाण्याकडे वळवलं, हात सोडले. फोटो एकच निघाला, तोही हललेला. कापलेल्या तुकड्यासकट केबल बादलीत पडली, आणि पुढची गरी बांधायला बसण्याआधी कुणीतरी कटरच्या पात्यावर गोडं पाणी ओतलं. खारं राहिलं तर ऐन वेळी ते अडकतं.