काका भांडायचे बंद झालेत

स्टाफ नाराज आहे हे मालकाला सगळ्यात शेवटी कळतं, कारण त्याच्या हिशोबात कटकट करणारी लोकं म्हणजे नाराज लोकं, आणि कटकट थांबली की सगळं मस्त चाललंय. मला तर कटकट थांबली की भीती वाटते.

मी वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (म्हणजे तिथली एमआयडीसी) इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या एका कंपनीत आहे (नाव नको, पगार अजून तिथूनच येतो). आमच्याकडे एक सीनिअर फिटर आहेत, दांडिया बाजारातले, सगळे त्यांना काका म्हणतात. हे काका पूर्वी सारखे ड्रॉइंग घेऊन डिझाइनवाल्यांशी भांडायला वर यायचे, इथे बसबारला (वीज वाहून नेणारी पट्टी) क्लिअरन्स कमी पडतोय, इथे केबल वळणारच नाही, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचे. मग नवीन मॅनेजर आले आणि एकदा कस्टमरसमोरच म्हणाले, तुम्हाला विचारलं का कुणी? झालं.

त्यानंतर एका लॉटच्या ड्रॉइंगमध्ये ग्लँड प्लेट (जिथून केबल पॅनलमध्ये शिरते ती) वर दाखवलेली आणि साइटवर केबल येणार होती खालून. त्याच कस्टमरचे आधीचे पॅनल काकांनीच बनवलेले, त्यामुळे त्यांच्या लक्षात आलं नसेल हे मी मानणारच नाही. अख्खा लॉट तसाच गेला, साइटवरून बोंब आली, आणि मी खाली जाऊन विचारलं तर काका शांतपणे म्हणाले, "ड्रॉइंगप्रमाणे आहे साहेब." बाजूचा पोरगा गुजरातीत म्हणाला, जवा दो ने, म्हणजे जाऊ द्या ना. आता आमच्या शॉप फ्लोअरवर प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर, जवा दो ने.

बोनसचं पण तसंच. बोनसच्या कायद्यात किमान ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के असं आहे, आमच्याकडे किमानपेक्षा बरा मिळायचा, गेल्या दिवाळीला सरळ ८.३३ वर आणला. ऑर्डर कमी आहेत हे लोकांना दिसत होतं हो, अर्धी जागा रिकामी पडलेली कुणाला दिसत नाही? पण शेठनी पाच मिनिटं खाली येऊन सांगितलं असतं तर चहाच्या लारीवर महिनाभर जे चाललं ते चाललं नसतं. व्हॉट्सॲपवर मेसेज आणि हातात सोनपापडीचा डबा.

आणि उपाय काय, तर फन फ्रायडे. अंताक्षरी! ज्यांचा ओव्हरटाइम कापला त्यांनी शुक्रवारी चार वाजता गाणी म्हणायची.

शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता, तिथे १९२४ पासून कामगारांवर प्रयोग चालले, दिवे कमी-जास्त करून काम वाढतं का वगैरे, ते बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. मला त्यातलं पुढचं जास्त पटतं. १९२८ ते १९३० मध्ये त्यांनी सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती घेतल्या, सुरुवातीला ठरलेले प्रश्न घेऊन बसले पण लोकं भलतंच बोलायला लागली, शेवटी प्रश्न बाजूला ठेवून नुसतं ऐकायचं ठरवलं आणि अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. (भलतंच होतं तेच खरं होतं, दुसरं काय.) नंतर त्याच कारखान्यात १४ जणांच्या एका खोलीत असं दिसलं की जास्त कामाला जास्त पैसे असूनही सगळे आपसात ठरवून ठराविकच काम करत होते, जास्त केलं तर वरचे रेट कापतील ही धास्ती. म्हणजे पैसा समोर असून वरच्यावर भरवसा नव्हता. आमच्याकडे काकांना इन्सेंटिव्ह वाढवून दिला तरी ते आता ड्रॉइंग घेऊन वर येतील असं मला वाटत नाही.

काकांना वडोदऱ्याजवळच्या सावली गावातल्या एका कंपनीतून बोलावणं आलंय, तिथे पैसे साधारण एवढेच आहेत.

इकडे एचआरने सर्वे काढलाय, तुमचं मन मोकळं करा, नाव गुप्त राहील. फॉर्मच्या पहिल्याच रकान्यात एम्प्लॉयी कोड कंपल्सरी. मी जाऊन म्हटलं तो काढा, तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या सॉफ्टवेअर घेत नाही कोडशिवाय. सगळ्यांनी पाचपैकी पाच दिलेत.