रॅमपासून मदरबोर्डपर्यंत: अ‍ॅक्टिव्हेशन कुठे टिकलं, कुठे उडालं

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की मदरबोर्ड बदलून झाला की लिहितो, तर झाला एकदाचा. मशीन पहिल्या झटक्यात बूट झालं, आणि संध्याकाळपर्यंत खाली उजव्या कोपऱ्यात तो करडा 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' येऊन बसला, म्हणजे या मशीनवर विंडोजचं लायसन्स मान्य झालेलं नाही. येणार हे माहीत होतं, तरी बघून जरा पोटात गोळा आलाच.

पण आधी बाकीचं, कारण गेल्या दीड वर्षात याच डब्यात एकेक पार्ट बदलत गेलो आणि दर वेळी कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर स्लॅश एक्सपीआर (विंडोज अ‍ॅक्टिव्हेट आहे का ते सांगणारी कमांड) मारून काय येतं ते वहीत लिहून ठेवलंय. रॅम ८ ची १६ जीबी केली, काही नाही. ग्राफिक्स कार्ड बदललं, काही नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर गेलो तेव्हा जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन न करता मुद्दाम क्लीन इन्स्टॉल केलं, म्हणजे विंडोज कोरं नव्याने टाकलं, आणि तिथे मी स्वतःच माती खाल्ली: 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' करून पुढे गेलो आणि घाईघाईत विंडोजच्या प्रो एडिशनच्या जागी होम निवडलं. बोर्ड तोच, सगळं तेच, तरी अ‍ॅक्टिव्हेट होईना. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की डिजिटल लायसन्स (की न टाकता मायक्रोसॉफ्टकडच्या नोंदीवर चालणारं) हे एडिशनसकट नोंदलेलं असतं, प्रोचं लायसन्स होमला चालत नाही. नेट बंद करून प्रोची जेनेरिक की टाकली, एडिशन बदललं, रीस्टार्ट, नेट चालू, आणि आपोआप अ‍ॅक्टिव्हेट.

ही जेनेरिक की काय भानगड आहे ते नव्या लोकांसाठी. एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय (लायसन्सची माहिती दाखवणारी कमांड) मारलं की कीची शेवटची पाच अक्षरं दिसतात, माझ्याकडे ३व्ही६६टी दिसतं, आणि डिजिटल लायसन्सवर प्रो चालवणाऱ्या तुमच्यातल्या बहुतेकांकडेही तेच दिसेल. म्हणजे ती की कुणाचीच नाही, ती फक्त एडिशन सांगते. खरी ओळख म्हणजे हार्डवेअरवरून काढलेला हॅश, म्हणजे मशीनचा एक प्रकारचा ठसा, तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असतो, आणि त्यात सगळ्यात जास्त वजन मदरबोर्डला. त्यामुळे की शोधणारी सॉफ्टवेअरं चालवून ती की जपून ठेवणाऱ्यांनी नक्की काय जपलंय ते एकदा बघा.

प्रोसेसरची गंमत वेगळी. बी४५० बोर्ड, एएमडीचा रायझन ५ १६०० काढून ५६०० बसवला, बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) आधीच अपडेट केलेलं. पहिल्याच बूटला काळ्या स्क्रीनवर मेसेज की नवा सीपीयू बसवलाय, एफटीपीएम (गुप्त किल्ल्या ठेवणारी प्रोसेसरमधली तिजोरी) रीसेट करायचा तर वाय दाबा, नाहीतर एन. अ‍ॅक्टिव्हेशनचा याच्याशी संबंध नाही, पण बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल आणि रिकव्हरी की जवळ नसेल तर इथे वाय दाबणारा माणूस स्वतःच्याच डेटाबाहेर कुलूप लावून बसतो. मी आदल्या रात्री बिटलॉकर सस्पेंड करून की कागदावर लिहून ठेवली होती म्हणून निवांत वाय दाबलं. अ‍ॅक्टिव्हेशन जसंच्या तसं.

जुन्या लोकांना आठवत असेल, २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली तेव्हा हा प्रकार बराच जाचक वाटायचा. दहा गोष्टींची नोंद व्हायची, ग्राफिक्स, प्रोसेसर, डिस्क, रॅमचं प्रमाण, अगदी सीडी ड्राइव्हसुद्धा, आणि एका मर्यादेपुढे बदल झाले की परत अ‍ॅक्टिव्हेट करा. नेटवर्क कार्ड तेच ठेवलं तर सूट जास्त मिळायची, म्हणून जुनं लॅन कार्ड कुणी टाकून द्यायचं नाही!

आता मदरबोर्ड. जुन्याचा एक रॅम स्लॉट रुसला होता, म्हणून बी५५० घेतला, बाकी सगळं तेच, एसएसडीसुद्धा तीच. सेटिंग्जमध्ये एरर ०एक्ससी००४एफ२११, म्हणजे हार्डवेअर बदललंय. ट्रबलशूट, मग 'या डिव्हाइसचं हार्डवेअर नुकतंच बदललंय', मग मायक्रोसॉफ्ट अकाउंटचं लॉगिन, आणि समोर त्या अकाउंटवरच्या मशीनची यादी. यादीत तीन नावं, तिन्ही 'डेस्कटॉप' आणि पुढे सात अक्षरांचा काला. आता यातलं माझं कुठलं? मशीनला नाव द्यायचा आळस मीच केलेला, दोष कुणाला देणार. शेवटी बॅकअपमधल्या एका जुन्या लॉग फाइलमध्ये नाव सापडलं, ते निवडलं, 'सध्या मी हेच डिव्हाइस वापरतोय' वर टिक केली आणि दोन मिनिटांत वॉटरमार्क गेला.

ही सोय विंडोज १० च्या १६०७ व्हर्जनपासून, म्हणजे २०१६ पासून आहे, पण ती चालते ती लायसन्स आधीपासून अकाउंटला जोडलेलं असेल तरच. बोर्ड काढल्यावर जोडू म्हणाल तर उशीर झालेला असतो. लोकल अकाउंटवाल्यांनी, म्हणजे मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय विंडोज वापरणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) निदान जुना बोर्ड काढायच्या आधी एकदा साइन इन करून अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर 'अकाउंटशी जोडलेलं' असं शब्दशः दिसतंय ना ते बघायचं, मग परत लोकलवर या हवं तर.

आणि लायसन्स रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) आहे की ओईएम (मशीनसोबत आलेलं) तेही बघून घ्या. रिटेल असेल तर नव्या बोर्डावर नेता येतं, फक्त एका वेळी एकाच मशीनवर. ओईएम असेल तर ते त्या बोर्डासोबतच संपलं, विंडोज ८ पासून कंपनीच्या तयार मशीनमध्ये की बायोसमध्येच कोरलेली असते, बोर्ड गेला की ती पण गेली. माझं रिटेल आहे म्हणून इतकं हसत लिहितोय.

मशीनचं नाव आता 'काळाडबा' ठेवलंय. पुढच्या नोंदीत नव्या बोर्डावर रॅम ३६०० च्या वेगाला स्थिर होतेय का ते, आत्ता मेमटेस्टचा (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) तिसरा पास चालू आहे.