टाकणाऱ्यांची कृपा

१९६० साली अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीनं न खपलेल्या बेसबॉल कार्डांचे (खेळाडूंची चित्रं छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे) खोके एका बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवर, चढवले आणि न्यू जर्सीजवळ अटलांटिकमध्ये बुडवले. कार्डं १९५२ची. शेवटचा लॉट बाजारात यायला उशीर झाला, तोवर बेसबॉलचा हंगाम सरत आलेला. गोदामात जागा अडत होती. बुडवणारे साय बर्जर म्हणजे घरातल्या टेबलावर बसून ती कार्डं आखणारे गृहस्थच! त्याच शेवटच्या लॉटमधलं, पण न बुडालेलं, मिकी मँटल या खेळाडूचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

पुठ्ठ्याच्या तुकड्याला भाव चढतो तो अशा टाकणाऱ्यांच्या कृपेनं. पोरांनी कार्डं सायकलच्या आऱ्यांत अडकवून फटफटी केली. उरलेली आयांनी केरात काढली. ‘आईनं माझी कार्डं फेकली’ हे अमेरिकन म्हाताऱ्यांचं लाडकं रडगाणं. (आमचे डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्डही रद्दीतच गेले. आई निर्दोष सुटली, कारण त्यांना आजही कोणी फारसं विचारत नाही.) पुढे १९८०च्या दशकात सगळेच शहाणे झाले, प्लास्टिकमध्ये गठ्ठेच्या गठ्ठे जपून ठेवू लागले. कंपन्यांनीही वारेमाप छापलं. त्या कार्डांना आज बहुतेक कवडीची किंमत नाही.

मुळात हा सिगारेटवाल्यांचा उद्योग. पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठा, मग पुठ्ठ्यावर चित्र. १९०९च्या सुमारास होनस वॅग्नर या बेसबॉलपटूनं आपलं कार्ड छापू दिलं नाही. मुलांना तंबाखूची चटक लागू नये म्हणून, असं म्हणतात. पैशावरून बिनसलं, असंही म्हणतात. स्वतः तंबाखू चघळायचा, म्हणून मला दुसरं जास्त पटतं. मोजकीच कार्डं बाहेर पडली. त्यातलं एक २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं.

हे कार्ड ज्या संचातलं, त्याला जग ‘टी२०६’ म्हणतं, ती खूण संग्राहक जेफरसन बर्डिक यांच्या कार्डांच्या सूचीतली. सिरॅक्यूजचा हा साधा कामगार, संधिवातानं बोटं आखडलेली. जमवलेली तीन लाखांवर कार्डं आणि छापील चिठ्ठ्याचपाट्या त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकल्या. तिथे बसून वर्षानुवर्षं स्वतः वह्यांत चिकटवल्या. होय, चक्क डिंकानं! आजचा संग्राहक कोपऱ्याला नखही लागू देत नाही, त्याला हे ऐकून घेरी येईल. १९६३च्या जानेवारीत काम संपलं, मार्चमध्ये बर्डिक गेले. बेसबॉलचं त्यांना काही विशेष नव्हतं म्हणे.