पावसात मोडणारं चालणं

जुलै. आठवडाभर झड लागलेली.

उन्हाळ्यात सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली चालणाऱ्यांची वर्दळ असते. आता तिथं छत्रीवाले मोजकेच, आणि किल्ल्याच्या तळ्याकडं तर तेवढेही नाहीत. बेळगावात हे दरवर्षीचंच. मृग लागला की चालणं सुटतं आणि गणपती होऊन गेल्यावर पुन्हा सुरू होतं. कुणाचं दसऱ्याला, कुणाचं थेट पुढच्या उन्हाळ्यात. मधल्या काळात वजन वाढलं ही तक्रार सगळे करतात. त्याच दिवसांत झोप तुटक होते, चिडचिड वाढते, घरात बारीकसारीक कारणावरून आवाज चढतो. त्याचं खापर फुटतं पावसावर आणि कोंदट हवेवर. उजेड कमी पडल्याचा वाटा आहेच. पण चालणं सुटल्याचाही आहे, आणि तो कुणी धरत नाही.

सुटल्यावर फरक किती लवकर पडतो? अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी 50 ते 80 वयाच्या, वर्षानुवर्षं पळणाऱ्या 12 जणांना 10 दिवस व्यायाम बंद ठेवायला सांगितलं. तेवढ्यात मेंदूच्या काही भागांकडं जाणारं रक्त कमी झालं, आणि त्या भागांत हिप्पोकॅम्पसही होता. विचारशक्तीच्या चाचण्यांत मात्र फरक दिसला नाही, आणि 12 म्हणजे फारच लहान गट, हेही सांगायला हवं. तरी 10 दिवसांचा आकडा आपल्या कामाचा आहे. आपली झड त्याहून लांबते.

हिप्पोकॅम्पस म्हणजे कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आत खोल बसलेला लहानसा भाग. नव्या आठवणी इथं पक्क्या होतात आणि ताणाला आवर घालण्यातही त्याचा हात असतो. उतारवयात तो आकसत जातो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 120 वयस्कर माणसं होती. निम्म्यांनी आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं भरभर चालायचं, बाकीच्यांनी नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करायचे. वर्षभरानं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्क्यांनी वाढला होता, दुसऱ्या गटाचा सुमारे 1.4 टक्क्यांनी घटला होता. पळणं नाही, वजनं उचलणं नाही, नुसतं चालणं. पण वर्षभर.

‘व्यायामानं एंडॉर्फिन सुटतं म्हणून बरं वाटतं’ हे वाक्य आता व्हॉट्सॲपवर फिरून फिरून झिजलंय. एंडॉर्फिन म्हणजे शरीरातच तयार होणारं वेदनाशामक द्रव्य. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही, त्यामुळं सगळं श्रेय त्याला देता येत नाही. जास्त पटण्यासारखा एक धागा स्नायूंकडून येतो. ताण आणि दाह वाढला की शरीरात कायन्युरेनिन नावाचं द्रव्य वाढतं, ते मेंदूत शिरतं आणि नैराश्याशी त्याचा संबंध जोडला जातो. कसलेले स्नायू त्याचं अशा आम्लात रूपांतर करतात की ते मेंदूत शिरूच शकत नाही. स्वीडनमध्ये 2014 साली हे प्रामुख्यानं उंदरांवर दाखवलं गेलं. मांड्या आणि नितंब यांचे स्नायू आपले सगळ्यात मोठे, म्हणून बैठका इथं नुसत्या पहिलवानांपुरत्या राहत नाहीत.

तेव्हा पावसाळ्यात घरातच करायचं ते असं. तीन मिनिटं जागच्या जागी सावकाश चालायचं. मग चार मिनिटं गुडघे कमरेच्या जवळपास उचलत भरभर, एक मिनिट सावकाश, एक मिनिट बैठका. अशा चार फेऱ्या. शेवटी तीन मिनिटं पुन्हा सावकाश. अर्धा तास भरतो, आणि आठवड्यातून पाच दिवस केलं की 150 मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी सांगितलेलं किमान माप तेवढंच आहे. वेग कळायला घड्याळ लागत नाही: शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, पण अभंग गाता येता कामा नये. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच संथ राहते, त्यामुळं ठोके मोजणाऱ्यांची फसगत होते. बोलण्याची खूण त्यांनाही चालते.

बिघडतं ते बहुतेक बैठकांत. तालमीतली बैठक टाचा उचलून, चवड्यांवर, खालपर्यंत असते. सवय नसलेल्या पन्नाशीतल्या माणसानं ती पहिल्याच दिवशी पन्नास घातली की गुडघा बोलायला लागतो आणि सगळंच बंद पडतं. त्यांनी खुर्चीवर बसून उठावं, हात न टेकता, मिनिटाला आठ-दहा. खुर्ची भिंतीला टेकवलेली हवी. पावसाळ्यात शहाबादी फरशीला ओल धरते आणि प्लास्टिकची खुर्ची मागं सरकते. ओल्या मोज्यांवर तर मुळीच नाही. जोर काढायचे तर भिंतीला किंवा ओट्याला हात लावून सुरुवात करावी. उठताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

आता नेहमीचा प्रश्न: ‘दिवसभर राबतोय की, आणखी व्यायाम कशाला?’ शहापूर-वडगावात मागावर दिवसभर उभं राहणारा आणि खानापुरात चिखलात वाकून भाताची लावण करणारी, दोघांचंही शरीर भरपूर कष्टतं. पण अभ्यासांत मनाला फायदा दिसतो तो जास्त करून स्वतःच्या मर्जीनं, मोकळ्या वेळात केलेल्या हालचालीचा. कामातल्या कष्टाचा तसा दिसत नाही. वेग आपल्या हातात नसतो, विसावा मिळत नाही, एकच हालचाल तासन्‌तास. अशांना संध्याकाळी उड्या मारायला सांगणं म्हणजे जुलूम. त्यांनी कुणाशी तरी बोलत दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चालावं, पाठ-खांदे मोकळे करावेत आणि वेळेवर झोपावं. निपाणीकडं सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांचं उलटं आहे. थकवा आहे, हालचाल नाही. त्यांना अर्ध्या-पाऊण तासानं उठून तीन मिनिटं झपाझप चालणं, आणि मान-खांदे सोडवणं, हे खरंच हवं.

वजनकाटा मात्र या कामी ठेवू नये. महिनाभरात वजन हललं नाही की लोक ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडतात. कॅलेंडरच्या चौकटीत दोनच गोष्टी लिहाव्यात: किती मिनिटं केलं आणि रात्री किती वेळा जाग आली. मन थोडं निवळतं ते त्याच दिवशी, तासा-दोन तासांपुरतं. झोपेत फरक पडायला काही आठवडे जातात. नैराश्यात दोन-तीन महिने धरावेत.

आणि नैराश्याचं निदान झालेलं असेल तर गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या ड्यूक विद्यापीठाच्या प्रयोगात 50 च्या वरचे 156 रुग्ण होते. 16 आठवड्यांनी व्यायाम आणि सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी यांचा गुण जवळपास सारखा आला, पण गोळीचा गुण आधी दिसला. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणंच जमत नाही, त्याला ‘जरा फिरून ये, बरं वाटेल’ म्हणून उपयोग नसतो. त्याला आधी डॉक्टर हवा. आपल्याला जवळ धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 ला फोन लागल्यावर भाषा निवडता येते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन लागत नसेल, भूक-झोप गेली असेल तर लगेच दाखवावं. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी.

साखरेसाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी सुरू करू नये. खिशात गुळाचा खडा असू द्यावा. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला तर थांबून तो तोंडात टाकायचा आणि बसून राहायचं.