६.९ वॅट प्रति किलो: एका चढाचा हिशेब

टूर द फ्रान्सच्या थेट वार्तांकनात चढांच्या वेळा मोजायच्या आणि त्यावरून रायडरने किती ताकद लावली (शरीराच्या दर किलोमागे किती वॅट) याचा अंदाज द्यायचा, हे माझं काम. एरवी या आकड्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. १४ जुलै २०२४ ला मात्र आकडा बाहेर पडायच्या आतच त्यावर भांडण जुंपलं होतं.

पंधरावा टप्पा, १९७.७ किलोमीटर, शेवट पिरेनीजमधल्या प्लाटो द बेय या चढाच्या माथ्यावर. मॅटेओ जॉर्गनसनने आपल्या संघाच्या विंगेगार्डसाठी वेग वाढवला, मग विंगेगार्ड स्वतः सुटला, पोगाचार त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिला आणि शेवटचे पाच-साडेपाच किलोमीटर उरले असताना एकटा निघून गेला. विंगेगार्ड १ मिनिट ८ सेकंदांनी मागे, एव्हेनेपूल २ मिनिटं ५१ सेकंदांनी. चढाची वेळ ४० मिनिटांच्या किंचित आत. याच चढावर १९९८ मध्ये मार्को पंतानीला साधारण साडेत्रेचाळीस मिनिटं लागली होती. तो विक्रम सर्रास डोपिंगच्या काळातला आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे पुढचा आरोप कुठला येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आधी वेळ कशी काढतात ते सांगते, कारण निम्मी भांडणं तिथेच मिटतात. पडद्यावर दिसणारं दोघांतलं अंतर वापरायचं नाही. ते जीपीएसवरून येतं, त्यात उशीर असतो आणि ते गुळगुळीत केलेलं असतं. चित्रफीत थांबवून रायडरचं पुढचं चाक एका ठरावीक खुणेवर आलं ती फ्रेम घ्यायची आणि शेवटच्या रेषेची फ्रेम घ्यायची. सेकंदाला २५ फ्रेम असतात, त्यामुळे मोजण्याची चूक नगण्य. खरी चूक होते ती खूण निवडताना. ले काबान गावातून रस्ता वर वळतो तिथे चढ 'सुरू' होतो, पण कुठल्या मीटरवर? एकजण पूल धरतो, दुसरा वळण, तिसरा आयोजकांचा फलक. आल्प द्युएझ या दुसऱ्या चढावर पंतानीच्या नावावर ३६ मिनिटं ४० सेकंदांपासून ३७ मिनिटं ३५ सेकंदांपर्यंतच्या वेळा फिरतात, त्या याच कारणाने. त्यामुळे जुन्या वेळेशी तुलना करताना ती वेळ कुठल्या खुणेपासून मोजली आहे हे आधी पाहायचं. ते ठाऊक नसेल तर सेकंदांवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

मग उंची. प्लाटो द बेय १५.८ किलोमीटर, सरासरी ७.९ टक्के, म्हणजे सुमारे १२४८ मीटर. उंचीत १० मीटर इकडे-तिकडे झाले की अंतिम आकडा ०.०५ ने हलतो. वेळेत १० सेकंद चुकले तर जेमतेम ०.०३ ने. लोक सेकंदांवर तुटून पडतात आणि उंची मात्र आयोजकांच्या रंगीत आलेखावरून उचलतात. भूमापन नकाशा उघडायला पाच मिनिटं लागतात.

आता सूत्र. सर्वांत सोपं असं: ताशी किती मीटर उंची चढली ते काढायचं, त्याला 'वाम' म्हणतात. १२४८ मीटर ३९ मिनिटं ४५ सेकंदांत, म्हणजे ताशी १८८४. याला २०० अधिक चढाच्या टक्क्यांची दहापट, म्हणजे २७९ ने भागायचं. उत्तर ६.७५ वॅट प्रति किलो. पंतानीची साडेत्रेचाळीस मिनिटं याच चरकातून काढली तर ६.१७. (हे माप रुळवलं ते डोपिंगमध्ये अडकलेला सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याचे डॉक्टर मिकेले फेरारी यांनी, ज्यांच्यावर २०१२ मध्ये आजीवन बंदी आली. डोपिंग पकडायला निघालेले चाहते ज्या मापाने मोजतात ते कुठून आलं, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.)

हे सूत्र घाईच्या वेळी ठीक, पण त्यात रायडरचं वजन, सायकल, वारा यांपैकी काहीच नाही. म्हणून दुसऱ्या बाजूने पूर्ण भौतिकी लावायची. रायडर ६५ किलो, सायकल नियमातली किमान ६.८ किलो, बूट, हेल्मेट, कपडे आणि बाटली धरून एकूण ७४. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ३८० वॅट. टायरच्या घर्षणाला १९. हवेला ४८, तेही रायडर एकटा आहे आणि वारा शून्य आहे असं धरून. बेरीज ४४७. साखळी आणि गिअरमध्ये अडीच टक्के वाया जातात, म्हणजे पेडलवर ४५८. भागिले ६५, ७.०५. पण पोगाचार चढाचा बराचसा भाग दुसऱ्याच्या आडोशाला होता. त्याचे आठ-दहा वॅट वजा केले की ६.९ च्या आसपास येतो. बहुतेकांनी त्या संध्याकाळी हाच आकडा सांगितला.

म्हणजे एकच चढ, एकच वेळ, आणि दोन प्रामाणिक पद्धतींतून ६.७५ ते ७.०५ पर्यंत काहीही निघतं. मी ६.९ लिहिलं आणि पुढे अधिक-उणे ०.२ लावलं. शीर्षकात ते अधिक-उणे कधीच टिकत नाही. त्या दिवशीही टिकलं नाही.

चाहते सर्वाधिक भांडतात ते वजनावरून. पोगाचार ६४ चा की ६६ चा? गंमत अशी की वजनाची चूक वॅटमध्ये दिसते, वॅट प्रति किलोमध्ये जवळजवळ नाही. ६५ ऐवजी ६४ धरलं तर उत्तर ०.०२ ने बदलतं, कारण चढावरची बहुतेक ताकद वजनाच्याच प्रमाणात लागते. वाऱ्याचं मात्र कोणी नाव घेत नाही. ताशी २४ किलोमीटर वेगाने चढणाऱ्याला पाठीमागून सेकंदाला २ मीटरची झुळूक मिळाली तर २५ वॅट वाचतात. तीच समोरून आली तर ३४ वॅट जास्त लागतात. सेकंदाला २ मीटर म्हणजे झाडाची पानं सळसळतील एवढाच वारा. खालच्या हवामान केंद्रावरची नोंद दरीतली असते, रस्ता वळणावळणाचा असतो, खाली झाडी आणि वर उघडा माळ. म्हणून मी वाऱ्याचा दुरुस्ती-आकडा कधीच लावत नाही. जो लावतो त्याच्या आत्मविश्वासाचं मला कौतुक वाटतं, त्याच्या आकड्याचं नाही.

पंतानीशी तुलना करायची तर तीही याच भौतिकीने करायला हवी. ५७ किलोचा रायडर, आठ किलोची सायकल, वर दोन किलो. हलक्या रायडरला सायकलचं ओझं प्रमाणाने जास्त पडतं. त्यात अरुंद ट्यूब्युलर टायर. आडोसा शून्य धरला तर पंतानी ६.६ च्या आसपास येतो. 'वाम'च्या सूत्रात दोघांतली दरी ०.५८ होती, इथे, पोगाचारचेही आडोशाविना ७.०५ धरून, ती ०.४५ झाली. घड्याळात ३ मिनिटं ४५ सेकंद दिसतात, पण रायडरच्या शरीरातला फरक त्याहून लहान आहे.

आता त्या फरकाची फोड. आजची सायकल किलो-सव्वा किलोने हलकी: ६ वॅट. रुंद ट्यूबलेस टायर: ५ वॅट. कपडे आणि बसण्याची ठेवण: आणखी ५. सोळा वॅट म्हणजे या चढावर साधारण सव्वा मिनिट. उरली अडीच मिनिटं. ती सायकलच्या नावावर खपवता येत नाहीत, आणि 'तंत्रज्ञान सुधारलं' एवढं म्हणून हात झटकणाऱ्यांवर माझा राग याच जागी आहे. उरलेल्यात काय काय बसू शकतं? पायथ्यापासून संघाने लावलेला सलग वेग, ज्यामुळे वेळ कुठेच वाया गेली नाही. खाणं: नव्वदच्या दशकात ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकांचा सल्ला असे, आज ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या मिश्रणातून १०० ते १२० ग्रॅम घेतात, त्यामुळे पाचव्या तासालाही पाय रिकामे होत नाहीत. पाठीमागची झुळूक, जी एकटीच दोन मिनिटं देऊ शकते. आणि डोपिंग. हेही त्या यादीत आहेच. घड्याळाला यातलं कुठलंच वेगळं ओळखता येत नाही.

फ्रेंच प्रशिक्षक आंत्वान वायेर यांनी ७८ किलो एकूण वजनाच्या प्रमाणित रायडरसाठी पायऱ्या लावल्या होत्या: ४१० वॅटवर संशयास्पद, ४३० वर चमत्कार, ४५० वर 'म्युटंट'. सायकलचे आठ किलो वजा केले तर ४५० वॅट म्हणजे ६.४ वॅट प्रति किलो. या शिडीने त्या दिवशीचा चढ म्युटंटच्याही वर जातो. पण शिडी ज्या काळाच्या आकड्यांवर बेतली त्या काळातले टायर आणि खाणं आज राहिलेलं नाही. पायऱ्या निदान थोड्या सरकवाव्या लागतील. किती, यावर दोन तज्ज्ञांचं एकमत होत नाही.

त्याच आठवड्यात कार्बन मोनॉक्साइडचं प्रकरण उजेडात आलं होतं. शरीरातलं एकूण हिमोग्लोबिन मोजायला हा वायू ठरावीक मात्रेत श्वासातून देतात. उंचावरच्या सरावाचा किती फायदा झाला ते त्यातून कळतं. पोगाचार आणि विंगेगार्ड दोघांच्या संघांनी हे मोजमाप केल्याचं समोर आलं. अडचण अशी की तोच वायू थोडा थोडा, वारंवार घेतला तर शरीराला उंचावर असल्यासारखं वाटून लाल पेशी वाढू शकतात. म्हणजे मोजण्याचं साधन आणि वाढवण्याचं साधन एकच. तेव्हा त्याला स्पष्ट मनाई करणारा नियम नव्हता. यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, वारंवार हुंगण्यावर बंदी घातली ती १० फेब्रुवारी २०२५ पासून. १४ जुलैच्या संध्याकाळी 'नियमबाह्य' आणि 'संशयास्पद' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरणारे बरेच होते. ते एक नाहीत.

मग तपासणीत काय दिसतं? टप्पाविजेता आणि पिवळी जर्सीवाला (एकूण वेळेत आघाडीवर असलेला) यांची रोज तपासणी होते. लघवी किमान ९० मिलिलिटर, रायडरने स्वतः निवडलेल्या संचात, ए आणि बी बाटल्यांत विभागून. जैविक पासपोर्टसाठीचं (रायडरच्या रक्ताच्या आकड्यांची वर्षानुवर्षं ठेवलेली नोंद) रक्त मात्र शर्यतीनंतर लगेच घेत नाहीत. श्रमानंतर ठरावीक वेळ जाऊ द्यावा लागतो, आणि रक्त घेण्याआधी दहा मिनिटं बसवून ठेवतात, नाहीतर रक्तातलं पाणी हलून आकडा खोटा येतो. पासपोर्टमध्ये मुख्य दोन गोष्टी: हिमोग्लोबिन आणि कोवळ्या लाल पेशींचं प्रमाण. दोन्ही मिळून एक गुण काढतात. लिटरला १५० ग्रॅम हिमोग्लोबिन आणि १ टक्का कोवळ्या पेशी असतील, तर १५० वजा ६० गुणिले १ चं वर्गमूळ, म्हणजे ९०. काढून ठेवलेलं रक्त परत चढवलं किंवा ईपीओ (लाल पेशी वाढवणारं औषध) नुकतंच थांबवलं, की हिमोग्लोबिन वर राहतं आणि नव्या पेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेचं काम मंदावतं. समजा १६५ आणि ०.४ टक्का. उत्तर १२७. इथे घंटा वाजते.

पण तीन आठवड्यांच्या शर्यतीत उलटंही पाहतात. रोजच्या श्रमाने रक्तातलं पाणी वाढतं आणि हिमोग्लोबिन स्वाभाविकपणे खाली येतं, दहा टक्क्यांपर्यंतही. तिसऱ्या आठवड्यात ते जागेवरच राहिलं तर सामान्य माणसाला छान वाटेल, तज्ज्ञाच्या भुवया उंचावतील. शिवाय नोंद 'असामान्य' ठरली की लगेच खटला होत नाही. तीन तज्ज्ञांचं एकमत लागतं. उंचावरचा सराव, आजारपण, नमुना वाटेत गरम झाला का, सगळं तपासलं जातं. फटही आहे: ईपीओची अगदी लहान मात्रा काही तासांतच दिसेनाशी होते, आणि रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत ठोस संशय असल्याशिवाय सहसा दार वाजवलं जात नाही. 'इतक्या तपासण्यांत पास झाला, म्हणजे स्वच्छ' हा युक्तिवाद आर्मस्ट्राँगही करायचा. त्याची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये गेली, ती मुख्यतः साक्षींमुळे.

दोन्ही तट आपापल्या सोयीचा चढ निवडतात. 'प्रत्येक जुना विक्रम मोडला जातोय' म्हणणाऱ्यांना मी ओताकामचा चढ दाखवते. तिथला १९९६ चा ब्यार्ने रीसचा विक्रम, ज्याने २००७ मध्ये ईपीओची कबुली दिली, जुलै २०२५ मध्ये पोगाचारने टप्पा २ मिनिटं १० सेकंदांनी जिंकूनही मोडला नाही. आणि 'हा फक्त आधुनिक सायकलचा खेळ' म्हणणाऱ्यांना वरची अडीच मिनिटं. पहिल्यांदा दोघेही गप्प होतात, नंतर वाऱ्याबद्दल विचारतात.

त्या दिवसाच्या माझ्या नोंदीत वेळ, खुणेचं फोटोचित्र, उंचीचा स्रोत, धरलेलं वजन आणि आडोशाचे किलोमीटर वेगवेगळ्या रकान्यांत आहेत. वाऱ्याचा रकाना रिकामा आहे. डोपिंगच्या प्रकरणात कारवाईची मुदत दहा वर्षं असते आणि काही नमुने त्यासाठी गोठवून ठेवतात. म्हणजे १४ जुलै २०२४ च्या बाटल्या ठेवल्या असतील, तर जुलै २०३४ पर्यंत नव्या चाचणीसाठी उघडता येतील. ६.९ चा अर्थ काय, हे ठरवायला तेवढा काळ आहे.